वरची मूठ

कोपरीच्या मनुबाईचा मसाला नावाजलेला, पण तो सगळा तिच्या हातात होता. ती गेली त्या वर्षी मिरच्या त्याच आल्या, कढई तीच होती, डंकावर कुटणाराही तोच. मसाला मात्र परक्या घरचा झाला. मनुबाईच्या लेकीने, मालूने, त्यातलं कालवण एकदा खाल्लं आणि ताट धुतलं. धंदा करायचा तर माणसाबरोबर निघून जाणारा नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं.

घरात तराजू आला आणि मसाला भाजणारी जनीकाकी बिथरली. कोळणीने मासळी विकायची ती वाट्यावर, ढीग लावून. वजनं वाण्याने सांभाळावीत.

"मिरची जोखतंस? उद्या मना पण जोखशील!"

"तुला वखारीचा काटा लागेल गो काकी. तू आपली मूठ घाल, मी नुसती बघते."

काकीची मूठ जोखता जोखता आईच्या चवीच्या जवळ जाणारं प्रमाण सापडलं. मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशव्या बंद झाल्या, त्यांवर तारखा चिकटल्या. डोंबिवलीच्या सुहासिनीताईंनी आपल्या दुकानात माल ठेवला. अट एकच, चव दर वेळी तीच हवी.

दुसऱ्याच खेपेला ताईंनी मालूला बोलावून घेतलं. "अगं, पहिल्या मसाल्याला गिऱ्हाइकांनी वाहवा म्हटलं, या मसाल्याच्या तिखटाने तीच गिऱ्हाइकं रडली. पुन्हा असं झालं तर मला नाही हो जमायचं."

पुढच्या भाजणीला मालू दाराआड उभी राहिली. काकीने जोखलेल्या मिरच्या कढईत टाकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि वर आणखी एक मूठ सोडली.

"काकी!"

"वरडतंस काय? वाट्यावर चार कोलंब्या वरच्या टाकतो का नाय आपण? तुझी आय टाकायची. नुसतं मापून दिलं तर गिऱ्हाईक परत येल?"

मालूला हसू फुटलं. मग वाट्यावर वरच्या कोलंब्या टाकणारा आईचा ओला हात डोळ्यांपुढे आला.

"वरचं द्यायचंच," ती म्हणाली. "पण पिशवीत. तयार मसाला चमचाभर जास्त, प्रत्येकाला. कढईत टाकलंस तर तो दुसराच मसाला होतो."

"मंग तसं पयलंच सांगायचं ना!"

तिसऱ्या खेपेला ताई म्हणाल्या, "चव तीच आहे. पण पिशवी वजनाला जास्त भरतेय, माहीत आहे ना?"

"ते वरचं आहे, ताई."

ताईंनी ठाकुर्लीच्या दुकानाचीही मागणी हातावर ठेवली.

होळीला काकी माहेरी गेली. मागे तिच्या सुनेने एकटीने मसाला केला, तो दुकानात गेला, आणि डोंबिवलीहून कसलीच तक्रार आली नाही. परतल्यावर काकी जेवायला बसली, तिने कालवणात बोट बुडवून चाखलं.

"मी करून ठेवलेला ना हा?"

"नाही. तुझ्या सुनेने केला."

काकीने पुन्हा बोट चाटलं. "म्हंजे मी मेले तरी असाच होईल?"

"असाच."

काकीने ताटातलं कालवण पुसून खाल्लं.

"मंग मरायची काय घाई नाय," ती म्हणाली आणि तिने ताट पुढे केलं. "वाढ अजून."