‘जोडतार’चे मालक आणि माझा दांडा

मित्रांनो, पाचोऱ्याला आमच्या मारुतीच्या देवळात कीर्तनाला आलात, तर सभामंडपाच्या कोपऱ्यात, सतरंज्यांच्या मागे जरा डोकावा. मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र तिथे बसलेले दिसेन. अक्षरे कोरलेला मेणकागद माझ्या पोटावर ताणायचा, आत शाई भरायची आणि दांडा फिरवायचा, की पानांमागून पाने छापून पडतात. एवढीच माझी विद्या.

शहाऐंशी साली लीलाधरभाऊंनी मला आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात आणले. तंत्रशाळेचे अभिमन सर मेणकागदावर लिहीत, लीलाधरभाऊ दांडा फिरवत, आणि दर महिन्याला आमचे ‘जोडतार’ मासिक निघे. टीव्हीवर मुंग्या का दिसतात, विहिरीवरची मोटर नुसतीच का गुरगुरते, हे त्यात साध्या मराठीत असे. रावेरपासून धुळ्यापर्यंत एसटीने माझी पाने जात. पिठाच्या गिरणीत एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे दळण विसरून ऐकत. शाईचा वास मला तेव्हा बुक्क्यासारखा वाटे.

मग जळगावचे एक छापखानेवाले आले. म्हणाले, “आम्ही हे मोठे करून छापू. मालक कोण?”

दोघेही एकदम म्हणाले, “मी.”

“यंत्र माझं, दुकान माझं,” लीलाधरभाऊ म्हणाले.

“आणि अक्षर काय तुमच्या दुकानाने लिहिलं?” सरांनी विचारले.

छापखानेवाले चहा तसाच ठेवून गेले. त्या संध्याकाळी सरांनी माझा दांडा काढला आणि पिशवीत घालून घरी नेला. शेवटी देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या शालिग्रामआबांनी मला देवळात आणून ठेवले. “तंटा मिटेपर्यंत हे मारुतीचं,” ते म्हणाले. माझ्या पोटात शाई वाळू लागली. कीर्तने मात्र पोटभर ऐकली.

सप्ताह बसला. मित्रांनो, सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाने नाम घेत ती गळ्यात घालून उभे राहायचे आणि पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे. त्या दुपारी लीलाधरभाऊंचा पहारा संपला, पण पुढच्या पहाऱ्याचा भिकन केळीच्या ट्रकबरोबर अडकला होता. आबा जेवायला गेलेले. खांबाशी एकटे अभिमन सर बसलेले. दोघेही एकमेकांकडे पाहीनात. लीलाधरभाऊ या पायावरून त्या पायावर होत राहिले.

इतक्यात ‘जोडतार’वाल्यांना शोधत धुळ्याकडच्या एक अक्का आल्या, धुरपदाबाई. ‘जोडतार’ वाचून त्यांनी मोटरचा स्टार्टर उघडला होता. पुन्हा जोडायचे कसे, ते पुढच्या अंकात येणार होते आणि पुढचा अंक निघालाच नव्हता. मोटर बंद, शेतातली मिरची सुकत चाललेली. सुटे भाग त्यांनी पदरात बांधून आणले होते.

“भाऊ, तुम्ही उघडाले सांगं, आते जोडाले कोन सांगी? मनी मिरची वाळी राह्यनी.”

त्यांनी लीलाधरभाऊंच्या अवघडलेल्या पायांकडे पाहिले. “ही वीणा कोनी शे?”

“कोणाचीच नाही, अक्का. ज्याच्या गळ्यात, त्याचा पहारा,” लीलाधरभाऊ म्हणाले आणि बोलता बोलता थांबले.

“मंग कोनी तरी ल्या ना. मनी बस निंघी जाई.”

सर उठले. वीणा त्यांच्या गळ्यात आली. लीलाधरभाऊ वाकले, सरही वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. अक्का पदराआड हसल्या.

“दांडा घरी देव्हाऱ्याखाली आहे,” सर हळूच म्हणाले. “दुसऱ्या भागाचा मेणकागदही तिथेच. कधीचा लिहून ठेवलाय.” आणि ते नामाला लागले.

लीलाधरभाऊ धावत जाऊन दोन्ही घेऊन आले. वाळलेली शाई रॉकेलने पुसली. मेणकागदाच्या तळाशी सरांनी ‘मालक’ म्हणून स्वतःचे नाव लिहिले होते. भाऊंनी ते वाचले आणि तसाच कागद माझ्यावर चढवला. मी करकरले, पण फिरले. अक्का ओले पान फुंकत बसकडे गेल्या.

पुढच्या अंकापासून तळाची ती ओळ सरांनी स्वतःहून रिकामी ठेवली. जळगावचे छापखानेवाले परत आले नाहीत. पुढे झेरॉक्स आले, ‘जोडतार’ थांबले, आणि मी देवळातच, या सतरंज्यांमागे सरकले.

मित्रांनो, माझा दांडा अजून जागेवर आहे. कीर्तनाला आलात तर तेलाचे दोन थेंब सोडा आणि एकदा फिरवून पाहा. मी कोणाचे, हे मात्र विचारत बसू नका.