चंद्रावरच्या बर्फाचा विटाळ

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात अणदूरजवळच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि गावाची अक्कल त्या पाण्याहून खोल गेली होती.

विहिरीशेजारच्या पारावर पेन्शनर विष्णुपंत मास्तर रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत. त्या सकाळची बातमी अशी, की चंद्रावर ऊन कधीच पोचत नाही असे खोल खड्डे आहेत आणि त्यांत बर्फ साठलेला असावा, असं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना वाटतं.

काठापासून लांब, खालच्या वस्तीतली सिताबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. तिनं विहिरीला हात लावायचा नाही, कुणीतरी शेंदून वरून ओतायचं, अशी रीत. कायद्यानं ती कधीच मोडली होती. पण आमच्या गावाला कायद्याची एसटी अजून लागली नव्हती.

"पाणी वाढा की वो मालक. सून रातीच बाळंत झालीय, घरात थेंब न्हाय."

"थांब गं जरा," हिंमतराव पाटील म्हणाले. "मास्तर, असल्या गारठ्यात खड्ड्यात उतरणार कोण?"

"हिच्या पोराला, बिरूला उतरवू," दुकानदार महांतप्पा म्हणाला. "असली कामं त्याचीच."

"मग बर्फ बाटंल की!" पारावरून कुणीतरी ओरडलं.

झालं! चंद्रावर माणूस अजून पोचायचा होता, आमचा विटाळ आधीच जाऊन बसला. ऊन डोक्यावर आलं तरी वाद मिटेना. सिताबाईनं आणखी दोनदा हाक मारली, तर सगळे तिच्यावरच खेकसले. शेवटी मास्तरांनी चष्मा पुसून निवाडा दिला. बर्फ कोरडा, तेव्हा बिरूनं उचलला तरी चालेल. वितळल्यावर मात्र त्यानं शिवायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. चंद्राचा प्रश्न मिटला.

तेवढ्यात रहाट करकरला. सिताबाईनं पोहरा विहिरीत सोडला होता. पारावरून कुणी उठेपर्यंत तिची घागर भरून डोक्यावर गेलीसुद्धा.

"सिते! विहीर बाटवलीस!" हिंमतराव ओरडले. "आता गावानं काय प्यावं?"

"तुमाला चंद्र हाय की, पाटील," ती म्हणाली, आणि सुनेकडं चालू लागली.

विहीर शुद्ध केल्याशिवाय कुणी पाणी भरायचं नाही, असं पारावर एकमतानं ठरलं. भटजी अणदूरहून संध्याकाळी यायचे होते. दुपारी विहिरीवर पहिली घागर आली ती हिंमतरावांच्या घरची.