दसऱ्याला उघडी राहिलेली स्क्रीन

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. अंगाने जाड आणि रंगाने आता पिवळट. मूल नावाच्या गावाजवळच्या एका सरकारी दवाखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली.

२००३ साली मी आलो तेव्हा माझा काय थाट होता! डॉक्टरसुद्धा चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत. धानाच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या शेतातून आलेल्या बायका मला टीव्ही समजत आणि पिक्चर कधी लागणार ते विचारत. रुग्णांचे आजार, त्यांची औषधे माझ्या पोटात असत. ती बाहेर कुणाला कळता कामा नयेत, असा वरून हुकूम होता. म्हणून नर्स इंदुताई पासवर्ड टाकूनच मला उघडत आणि उठताना बंद करत.

त्यांच्याकडे ज्योत्स्ना यायची. तिच्या पाठीवर कुष्ठरोगाचा चट्टा होता. औषध सुरू झाले की हा आजार दुसऱ्याला लागत नाही आणि पुरता बरा होतो. तीही बरी होत होती. दिवाळीनंतर तिचे लग्न होते.

दसऱ्याला माझी पूजा ठरली. ज्योत्स्नाच्या गोळ्यांची नोंद करून इंदुताई मला बंद करू लागल्या, तोच शिपाई लटारूभाऊ आडवे आले.

"बाई, आज मशीन बंद नाई ठेवत. जित्या मशीनचीच पूजा करा लागते."

"अवो, पण लोक पाह्यतीन नं!"

"कोन पाह्यते? सारे प्रसादाले आले."

हार पडला, कुंकू लागले, नारळ फुटला. मी अगदी फुगून गेलो होतो. मग सगळे प्रसाद वाटायला व्हरांड्यात गेले. तेवढ्यात ज्योत्स्नाच्या नवरदेवाचे मामा, मनसाराम, मला नमस्कार करायला आत आले. वाकले आणि माझ्या स्क्रीनवरची तिची नोंद वाचतच राहिले.

"हे तं आमची सून होनार होती," ते पुटपुटले.

लग्न मोडले. ज्योत्स्ना गोळ्या घ्यायला परत आलीच नाही. इंदुताई तिच्या घरी गेल्या, तर ती दारातूनच म्हणाली, "बाई, तुमी नोका येऊ. तुमाले पाह्यलं का लोक अजून बोलतीन." हे इंदुताईंनी माझ्यासमोर बसून रडत सांगितले. मला तर रडताही येत नाही.

दोन वर्षांनी ती आली. औषध सुटल्यामुळे तिच्या हाताची बोटे वाकली होती. इंदुताईंनी ओळखले, तरी नोंदीसाठी नाव विचारले, तेव्हा तिने भलतेच सांगितले. त्यांनी मान खाली घालून तेच लिहिले.

मित्रांनो, दुसऱ्याचे दुखणे तुमच्या हाती आले, तर ते झाकून ठेवा. मला कुंकू लावले नसते तरी चालले असते. त्या दिवशी कुणीतरी मला नुसते बंद करायला हवे होते.