अळीची नवरी झाली तेव्हा

मी भिंग बोलतोय. हो, खामगावच्या हबीबमियांच्या फोटोच्या दुकानातलं, काठाला टवका उडालेलं तेच. मुंबईच्या जुन्या बाजारातून इकडे येताना वाटेत पडलो, त्याची ही निशाणी. धड भिंगं कॅमेऱ्याला लागली आणि मी कापसात गुंडाळून डबीत गेलो. सांगायला लाज कसली?

हबीबमियांचा हात मोठा सफाईदार. फोटोच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून ते माणसाच्या तोंडावरचे देवीचे व्रण, चामखिळी, सुरकुत्या बेमालूम बुजवायचे. गिऱ्हाईक खूश. घरात मात्र पंचाईत झाली. त्यांची बायको अमीना, तिच्या तोंडभर देवीचे व्रण. तिची म्हातारी आई मुलाकडे हैदराबादला कायमची निघाली होती आणि लेकीचा फोटो सोबत हवा म्हणून हटून बसली होती. हबीबमियांनी जीव ओतून फोटो काढला, पेन्सिल फिरवली. म्हातारीने तो हातात घेतला आणि विचारलं, "हे कोन व्हय?"

अमीना त्या दिवशी जेवली नाही. पुन्हा फोटोला बसणार नाही म्हणाली. म्हातारीचं जाणं जवळ येत होतं आणि हबीबमियांना आपलं काय चुकलं तेच उमगत नव्हतं. मला असा राग यायचा! पण डबीतल्याचं ऐकतो कोण?

अशात शेतकी खात्याचे अर्जुनराव आले. पानाच्या द्रोणात कपाशीचं बोंड, त्यावर ठिपक्यांची अळी. "हबीबभाई, प्रदर्शनात लावाले हिचा मोठा फोटो पायजे. लोकायले अळी पाह्यताच वयखता आली पायजे."

पाहताच ओळखू येईल इतका मोठा फोटो म्हणजे माझंच काम; बारीक वस्तू मोठी दाखवणारं भिंग दुकानात मीच. हबीबमियांनी मला कॅमेऱ्याला लावलं, त्याचा घड्यांचा भाता हातभर लांबवला, आणि काय सांगू! बोटाच्या पेराएवढीही नव्हती ती, पण काचेवर म्हशीसारखी ऐसपैस पसरली. अंगभर काळे-तपकिरी ठिपके, वेडेवाकडे, कुठे दोन एकमेकांत सांडलेले, मधूनमधून राठ केस. मी हरखून गेलो. इतकं देखणं मी आजवर काही पाहिलं नव्हतं.

हबीबमियांनी सवयीने पेन्सिल उचलली आणि सगळे ठिपके बुजवून टाकले.

अर्जुनराव फोटो पाहून पोट धरून हसले. "अळीचा फोटो मांगतला होता, तुमी तं नवरी करून देली! ठिपक्यानंच तं वयखा लागते ना हिले!"

पडद्याआड अमीनाही हसली. हसता हसता रडू लागली. "अजी, माह्यासंगही हेच केलं तुमी. मंग मायनं मले कसं वयखाव?"

हबीबमियांनी पेन्सिल बाजूला सारली. मग त्यांनी अमीनाला खिडकीपाशी बसवलं, मलाच कॅमेऱ्याला ठेवलं, आणि पेन्सिल न लावता फोटो छापला. माझ्या टवक्यामुळे एक कोपरा धुरकट आला, पण अमीनाचा एकेक व्रण स्वच्छ होता आणि हसू तिचंच होतं.

स्टेशनवर म्हातारीने त्या फोटोवरून बोट फिरवलं, लेकीच्या गालावरून फिरवायची तसंच. "हाव, हेच माही पोरगी!" गाडी सुटली तरी ती शेजारणीला फोटो दाखवतच होती.

तर मंडळी, दुकान उघडं आहे. या, बसा माझ्यापुढे. तीळ, व्रण, तिरळा डोळा, जे असेल ते सोबत आणा. घरी तुमच्या माणसांना तुम्हाला ओळखायचं आहे.