चिकटवलेले मणी

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! एका सुतारकाकांनी मोडक्या बाकाच्या लाकडातून मला घडवलं आणि माझ्या प्रत्येक तारेत पाच लाल, पाच पिवळे मणी ओवले. बालवर्गाच्या बाईंनी ते सरकवून पाहिले आणि म्हणाल्या, "वा, किती हलके सरकतात हो!" काय फुशारले होते मी तेव्हा!

वर्गात एक चिमणी होती. म्हणजे मुलगीच, पण सगळे तिला चिमणी म्हणत. आकडे तोंडाने घडाघडा म्हणायची, पण सात खडू आण म्हटलं की मूठभर घेऊन यायची. बाई तिला माझ्याजवळ बसवून सांगत, "मोजू नकोस, नुसतं बघ." पाच लाल, दोन पिवळे. असं रोज सरकवता सरकवता एकदा ती ओरडलीच, "बाई, सात म्हणजे दहाला तीन कमी!" बाईंनी तिला उचलूनच घेतलं. मला वाटलं, या बाई आपल्या हक्काच्या.

कसलं काय! शाळा बघायला पाहुणे येणार होते. "मुलं हात लावतात आणि सगळा अवतार होतो," असं म्हणत बाईंनी माझे लाल मणी डावीकडे ओढले, पिवळे उजवीकडे, फुलपाखराचे पंख केले आणि डिंकाने पक्के चिकटवून टाकले. ज्या हातांनी शिकवलं, त्याच हातांनी!

पाहुण्या आजोबांनी चिमणीला मायेने विचारलं, "आठाचे दहा व्हायला अजून किती हवेत गं?" ती हसत माझ्याकडे धावली. मणी ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. तिचे डोळे भरून आले, आणि मी जागची हलू शकले नाही.

"जरा कच्ची आहे ती," बाई पाहुण्यांना म्हणाल्या.

कच्ची? अहो बाई, डिंक कुणी लावला? पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्यांनी मात्र माझं फुलपाखरू फार वाखाणलं.

आता मी भिंतीवर उंच टांगलेली असते. चिमणी बाकाखाली हात लपवून बोटं मोजते, पुन्हा एकपासून. तिला वाटतं, मीच तिच्यावर रुसले.

मित्रांनो, आम्हाला सजवू नका, हाताळा. मळलो, झिजलो तरी चालेल. माझा डिंक निघो न निघो, पण कुणीतरी चिमणीला जवळ घेऊन एवढं सांगा: तुला येत होतं गं, बाळा.