अर्धा फेडलेला नवस

नवऱ्याचं पोट सुटलं की बायका कुरकुरतात. एव्हलिनचं सगळंच उलटं. येहेझकेलचं पोट आत जायला लागलं आणि हिच्या पोटात गोळा यायला लागला. मे महिन्यात तिनं त्याच्या पँटी कमरेत पहिल्यांदा आत घेतल्या. जुलैत परत घेतल्या. ऑगस्टात तर मागची शिवण पार उसवून नव्यानं घालायची पाळी आली. दर वेळी ती जास्तीचं कापड न कापता आत दुमडून ठेवायची आणि वरून टीप मारायची. इस्रायलमधल्या किर्यात गातच्या त्या शिकूनमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी चाळींसारख्या तीन मजली इमारतीत, शिवायला सगळ्या हिच्याकडेच यायच्या. त्या म्हणायच्या, काय गं एव्हलिन, नवरा तरणा दिसायला लागलाय, नजर ठेव. एव्हलिन हसायची आणि टाचणी बोटात टोचून घ्यायची.

येहेझकेल कापडाच्या फॅक्टरीत मेकॅनिक होता. चाळिशी जवळ आलेली, घरात ओफ्रासारखी वयात आलेली मुलगी, पण बास्केटबॉलचं वेड नागपाड्याच्या कोर्टावर लागलं ते बोटीत बसून मुंबई सुटली तरी सुटलं नाही. गावाच्या टीममध्ये सगळ्यात म्हातारा तोच. बाकीची पोरं त्याला लाडानं ‘साबा’ म्हणायची, साबा म्हणजे आजोबा. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. एव्हलिनला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ओफाकिमला मॅच होती. हा गडी बैलासारखा धावत सुटला आणि मधेच छातीला हात लावून आडवा झाला. अ‍ॅम्ब्युलन्समधून बेर-शेव्हाला नेलं. डॉक्टर हिब्रूत भराभर काय काय बोलले, हिला त्यातलं ‘लेव’ म्हणजे काळीज एवढंच कळलं. कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि एलियाहू हन्नाबीला, अडलेल्याला तारणाऱ्या प्रेषिताला, हाक मारली. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची बाई अशा वेळी दुसऱ्या कोणाला हाक मारणार?

“हन्नाबी, याला उठव. मी तुझा मलिदा करीन. आणि याला मी परत मॅच खेळू देणार नाही.”

हन्नाबी नवसाला पावला. येहेझकेल उठला, घरी आला. एव्हलिननं मुंबईहून आलेले पोहे भिजवले, गूळ-खोबरं, वेलची घातली, वर फळं मांडली. हज्जान अव्राहाममामांनी प्रार्थना म्हटली. शेजारपाजारचे सगळे येऊन, मलिदा खाऊन, तोंड भरून आशीर्वाद देऊन गेले. नवसाच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र बाईनं तोंडात मिठाची गुळणी धरली. आधी तिला वाटलं, माणूस अशक्त आहे, आत्ता कुठे बोला. मग वाटलं, आपण होऊनच सोडेल, उगाच कशाला दुखवा. बोलायची वेळ अशी पुढे ढकलली की ती अंगावर येते, हे सांगायला तिची आई असायला हवी होती. आई मुंबईच्या मातीत होती.

पेसाहचा सण झाला आणि कुपत होलिमच्या, म्हणजे आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरनं येहेझकेलला चालायला सांगितलं. चाल म्हणाला होता हो, बिचारा डॉक्टर. हा कापसाच्या शेतांच्या कडेनं आधी चालला, मग भरभर चालला, मग पळायला लागला. सिगरेट सुटली. शुक्रवारचा अराकच्या दारूचा पेला सुटला. ताटातल्या भाताचा डोंगर गेला, टेकडी उरली. उन्हाळ्यात नेगेवमधली हवा तव्यासारखी तापते, माणसं खिडक्या लावून आत बसतात, आणि हा फॅक्टरीतून सुटला की शाळेच्या कोर्टावर. पाठीला वाळूची पिशवी बांधून उड्या मारायचा. जन्मभर उजव्या हातानं खेळलेला माणूस डाव्या हातानं बॉल टाकायला शिकत होता, लहान मुलासारखा चुकत होता, परत टाकत होता. देऊळ पडल्याच्या शोकाच्या, म्हणजे बिरड्याच्या उपासाला तरी घरी बसेल म्हणून एव्हलिननं देवाचे आभार मानले, तर संध्याकाळी उपास सुटायच्या आधी पठ्ठ्या दोरीवर उड्या मारताना दिसला. तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्या दिवशी तिनं वालाचं बिरडं ताटात असं आपटलं की ओफ्रानं विचारलं, इमा, म्हणजे आई, काय झालं? काही नाही झालं, खा.

कोच अमिराम आधी नुसता मान राखून बोलायचा. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये इतकंच. ऑगस्टच्या शेवटी मात्र तो स्वतः जिने चढून घरी आला, चहा प्याला आणि एव्हलिनला म्हणाला की तुझा नवरा दहा वर्षांपूर्वी खेळत होता त्यापेक्षा आज चांगला खेळतो, मी असं कधी पाहिलं नाही, सुक्कोतच्या सणानंतरच्या पहिल्या मॅचला तो पहिल्या पाचात. येहेझकेल लाजून जमिनीकडे बघत होता. एव्हलिननं अमिरामला दुसरा कप विचारला नाही. नवरा असा सुधारलेला बघून दुसऱ्या एखादीला साखर वाटावीशी वाटली असती. हिला एकच दिसत होतं, की बोललेला शब्द मोडणार आणि ज्यानं दिलं तो परत घेणार. डॉक्टर म्हणत होता, काळीज आता बरं आहे, मॅचचं मात्र मी काय सांगू. बघा, म्हणजे तोही काही सांगत नव्हता.

शेवटी ती अव्राहाममामांकडे गेली. मामा कोकणातल्या गावी हज्जानकी करून आलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, तोंडपाठ. सगळं ऐकून त्यांनी आधी तिला चांगलं फैलावर घेतलं. दुसऱ्याच्या पायात आपल्या नवसाची दोरी कशाला बांधलीस, आणि बांधलीस तर त्याला सांगायचं नाही? मग शांत झाले. म्हणाले, तोरात लिहिलंय. बायकोनं नवस बोलला आणि नवऱ्याला तो कळला, तर ज्या दिवशी कळला त्या दिवशी तो ‘मोडला’ म्हणू शकतो. म्हटलं की नवस सुटला, तुला पाप नाही. पण सूर्य मावळेपर्यंत गप्प राहिला, तर नवस पक्का. मग त्याला हन्नाबीही सोडवत नाही.

घ्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर तो हसून ‘मोडला’ म्हणणार, यात एव्हलिनला शंकाच नव्हती. इतक्या घामाचा माणूस दुसरं काय म्हणणार? आणि मग हन्नाबीनं त्या रात्री धरलेला हात सोडला तर? नाही सांगितलं तर मोडल्याचं पाप तिच्या माथी, पण भोगणार कोण? तोच. रोश हशाना, नव्या वर्षाचा सण, गेला. किप्पूरच्या उपासाच्या दिवशी पांढरी साडी नेसून ती दिवसभर उभी राहिली आणि मागायचं काय हेच तिला सुचेना. सुक्कोत गेला. मॅचचा मंगळवार उजाडला.

सकाळी तो चहात पोळी बुडवून खात होता. आज फॅक्टरीतून सुट्टी काढली होती. एव्हलिननं गॅस बंद केला आणि त्याच्याकडे पाठ करूनच सगळं सांगितलं. कॉरिडॉर, बाकडं, मलिद्याचा अर्धा आणि हा दुसरा अर्धा. मामांनी सांगितलेलं काही सांगितलं नाही, तेवढं धैर्य नव्हतं. बोलून झाल्यावर ती वळली. त्याचा घास हातातच होता. पोळीतून चहा गळून टेबलावर थेंब पडत होते. ती वाट बघत राहिली, की आता हसेल, आता ओरडेल, आता म्हणेल काय खुळी बाई आहेस. तो काहीच बोलला नाही. हात धुतले, खेळायची पिशवी उचलली आणि दार हळूच लावून घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

जेवायलाही आला नाही. एव्हलिननं एका ब्लाउजची बाही उलटी लावली, उसवली, परत उलटीच लावली. खिडकीतून सारखी उन्हाकडे बघत होती. तिसऱ्या प्रहरी ओफ्रा येऊन उभी राहिली, इमा, बोई, म्हणजे चल. नाही म्हणायची ताकद नव्हती म्हणून ती गेली.

कोर्टाला तारेचं कुंपण होतं, दिवे नव्हते, म्हणून मॅच उजेडातच संपवायची असायची. ओफाकिमनंतर एव्हलिननं त्याला खेळताना पाहिलं नव्हतं. तिनं तार मुठीत धरली आणि पहिली काही मिनिटं फक्त त्याच्या छातीकडे बघितलं. तो बनियननं घाम पुसायला हात वर नेई आणि हिचा जीव टांगणीला लागे. मग हळूहळू तिला बाकीचंही दिसायला लागलं. हा तो बैल नव्हताच. आता तो धावण्याआधी बघत होता. पोरं जिथे धापा टाकत पोचायची तिथे हा आधीच उभा असायचा, आणि बॉल त्याच्या हातात थांबायचाच नाही, योग्य माणसाकडे गेलेला असायचा. मध्यंतरानंतर त्यानं स्वतःच अमिरामला खूण केली आणि बाहेर येऊन बसला. एव्हलिन फाटकाकडे वळली. ओफ्रा तिच्या कानाशी सांगत होती की काही झालेलं नाही, आबा दमायच्या आधी दम घेतो, तसंच शिकलाय तो. खरंच, पाणी पिऊन, श्वास खाली बसवून तो परत उतरला. आणि शेवटी दोघं अंगावर आलेले असताना त्यानं बॉल डाव्या हातात घेतला आणि कोपऱ्यातून टाकला. सबंध उन्हाळा जो चुकत होता तो हात. बॉल कड्याला न लागता आत गेला.

पोरांनी ‘साबा, साबा’ करून त्याला उचलून घेतलं. एव्हलिन रडत होती. आपल्या माणसाला इतकी वर्षं ओळखून हे आपण कधी बघितलंच नव्हतं, आणि बघितलं ते नेमकं आज, म्हणून तिला रडू येत होतं. तिनं वर पाहिलं. सूर्य शेतांच्या टोकाला टेकायला आला होता, पण होता. ती कुंपणाच्या फाटकातून आत धावली. बाई अशी कोर्टावर धावत आलेली बघून पोरं बाजूला झाली.

“अहो, अजून दिवस आहे,” ती म्हणाली. “मोडला म्हणा. मी सांगते, म्हणा.”

त्यानं टॉवेल गळ्यात घातला. तो बाकावर बसला आणि तिलाही बसवलं.

“मामांकडेच होतो दुपारभर,” तो म्हणाला. “सूर्य आहे तोवर नवस अधांतरी असतो म्हणाले. म्हटलं, मला तेवढं पुरे.”

“मग म्हणा ना.”

त्यानं वाकून बुटांचे बंद सैल केले.

“ओफाकिमला पडलो तेव्हा मीही त्यालाच हाक मारली होती, एव्हलिन. पण कबूल काही केलं नाही. फुकट मागितलं आणि मिळालं. सबंध उन्हाळा पळताना माझ्या डोक्यात एकच, की हे फुकट कसं मिळालं, कधीतरी कोणीतरी मागायला येणार. त्या भीतीनंच पळत होतो मी. आज सकाळी कळलं, तू कबूल करून बसली होतीस.”

तिनं त्याचा हात धरला, हलवला, परत म्हणाली, म्हणा हो. तो गप्पच राहिला. ऊन आधी त्यांच्या पायांवरून गेलं, मग कुंपणावरून, मग बास्केटच्या फळीवरून. पलीकडच्या शेतातला उजेडही विझला. अमिराम हसत आला आणि गुरुवारच्या प्रॅक्टिसची वेळ सांगायला लागला. येहेझकेलनं बाकाखालचा बॉल उचलला, टॉवेलनं नीट पुसला आणि त्याच्या हातात दिला. मी येणार नाही, तो हिब्रूत म्हणाला, पोरांना सांग. अमिरामला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

ओफ्रा पुढे चालत होती. ही दोघं मागून. एव्हलिननं त्याचं मनगट सोडलं नव्हतं. बोटाखाली नाडी लागत होती, सरळ, एका लयीत. हिनं जे मागितलं होतं ते सगळंच्या सगळं मिळालं होतं आणि ती सारखी मान वळवून मागे कोर्टाकडे बघत होती.

“त्या पँटींचं कापड,” जिन्यापाशी आल्यावर तो म्हणाला, “कापून नाही ना टाकलंस?”

“नाही,” ती म्हणाली. “आत दुमडून ठेवलंय.”