लॉकर कुठला, चालवणार कोण

दुकानदारानं "कशासाठी हवंय?" विचारलं, की संजय सावध होई. तांदूळ घेतानासुद्धा. मग वारज्याच्या गॅरेजात रहीमभाईंनी जीपला टेकून "चालवणार कोण?" विचारल्यावर तो थेट उत्तर कसं देणार?

विषय लॉकरचा होता. चिखलात जीपचं एक चाक नुसतं गरगरतं, जोडीचं ढिम्म हलत नाही. लॉकर दोघांना एकत्र फिरवतो आणि गाडी निघते. एक लॉकर आपोआप लागणारा, दुसरा बटण दाबल्यावर. बटणाचा महाग.

खराडीच्या ऑफिसात एकानं बजावलं होतं, "घरचे चालवतात म्हणालास, की भीती घालून महागडा गळ्यात मारतील."

"मी एकटाच," संजय म्हणाला. "तेही रविवारी, डोंगरात. आपोआपचा बसवा."

धादांत खोटं. तो कंपनीच्या बसनं जाई. जीप रोज त्याची बायको शर्मिला लोणी काळभोरच्या कॉलेजात नेई. तिची अटच होती : मला चालवायला त्रास झाला, की जीप विकायची.

"एकटेच?"

"मग काय, ड्रायव्हर ठेवलाय?"

"नाही, आपण सहा फूट, आणि सीट पार पुढे ओढलेली. गुडघे घरी काढून ठेवता का?"

संजयनं सीटकडे पाहिलं.

"आपोआपचा वळणावर कटकट वाजतो, ओल्या रस्त्यात गाडी तिरकी ओढतो. रविवारी चालेल हो. रोज हायवेला?" रहीमभाईंनी पाना खाली ठेवला. "वहिनींना घेऊन या. तोवर मी काही खोलत नाही."

गिऱ्हाईक परत पाठवणारा गॅरेजवाला! यात नक्की काहीतरी आहे, हे संजयनं घरी पोचेपर्यंत पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात शर्मिलानं एकच विचारलं. "बटण बंद असताना गाडी आत्तासारखीच चालेल?"

"अगदी तशीच," रहीमभाई म्हणाले.

"मग तोच."

एवढ्यात ठरलं? संजयनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमची आधीची ओळख आहे?"

"गेल्या वर्षी क्लच इथेच बदलून घेतला," शर्मिला म्हणाली. "तुला सांगितलं असतं, तर तू आणखी चार गॅरेजं पालथी घातली असतीस. मी तोवर बसनं गेले असते."

"मग ते सीटवरून ओळखलं वगैरे?" संजय रहीमभाईंकडे वळला.

"वहिनींनी तेव्हाच सांगितलं होतं, माझं नाव काढू नका." रहीमभाईंनी हात पुसले. "काहीतरी दाखवावं लागलं."

आयुष्यभराचा संशय आज एकदाचा खरा निघाला होता, पण संजयला त्याचा आनंद काही होईना.

"बटण कुठे बसवू?" रहीमभाईंनी विचारलं. संजयनं तोंड उघडलं. पण प्रश्न त्याला नव्हताच.